इतर अकरा

तो कागद आला तेव्हा आम्ही बावीस बायका चर्चच्या तळघरात पिरोही करत बसलो होतो. सप्टेंबर लागला की दर गुरुवारी हेच काम. एक टोळी बटाटे कुस्करून त्यात चीज कालवायची, दुसरी पीठ लाटायची, आणि लांब टेबलाशी बसलेल्या आम्ही गोल पारीत सारण भरून काठांना मुरड घालायचो. मग सगळ्या गोठवून ठेवायच्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी गावच्या इतिहास मंडळाचं तिकीट लावलेलं जेवण असायचं. त्या जेवणासाठी आमचं पेनरॉक गाव सोडून फिलाडेल्फियाला, न्यू जर्सीला गेलेली माणसंही गाड्या भरभरून परत यायची. मंडळाचं छप्पर आमच्या पिरोहींच्या पैशांवर झालं होतं, बॉयलरही. त्या वर्षी, म्हणजे १९८७ साली, दगड व्हायचा होता.

दगड म्हणजे १९११ च्या मार्चमध्ये कोळशाच्या खाणीत बुडालेल्यांचं स्मारक. जुन्या बोगद्यात साठलेलं पाणी फुटलं आणि सतरा माणसं वर आलीच नाहीत. एवढ्या वर्षांनी त्यांच्यासाठी काहीतरी होतंय म्हणून आम्ही खुशीत होतो. दगड घडवणाऱ्याकडे आराखडा तयार झाला होता. वाटेवरच होतं म्हणून तो मीच बस सोडून परत येताना उचलून आणला. मी शाळेची बस चालवायचे.

"बघा गं," म्हणत मी तो टेबलावर पसरला. पिठाचे हात पुसत सगळ्या वाकल्या.

वर तारीख होती. खाली सहा नावं होती: डेव्हिस, पॉवेल, मॉर्गन अशी इंग्रजी वळणाची, प्रत्येकाचं वयही लिहिलेलं. त्याखाली एकच ओळ: आणि इतर अकरा.

 मग टेबलाच्या टोकावरून तेता तेक्ला म्हणाली, "वाच परत."

पूर्व युरोपातून इथे आलेल्या आमच्या आजीआजोबांच्या भाषेत तेता म्हणजे मावशी. तेक्ला दुत्कोला अख्खं गाव तेता म्हणायचं. वय शहात्तर, उंची जेमतेम माझ्या खांद्याला. पिठात पाणी किती घालायचं हे तिच्याखेरीज कोणी ठरवत नसे. ती जन्मली १९११ च्या जुलैमध्ये. तिचा बाप मार्चमध्ये बुडाला होता.

मी परत वाचलं.

"म्हणजे माझा बाप इतर," ती म्हणाली. हातातली पारी तिने खाली ठेवली. "चल स्टेफा, गाडी काढ."

"तेता, एप्रन तरी सोड."

"राहू दे. बघू दे त्याला."

मंडळाचं घर टेकडीवर. पूर्वी खाणीचा साहेब राहायचा त्यात. अध्यक्ष ऑस्टिन प्रॉदरो. शाळेत मला इतिहास त्यांनीच शिकवलेला, त्यामुळे पन्नाशी उलटली तरी त्यांच्यासमोर माझा आवाज बसतो. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जुन्या कागदांत डोकं घालून बसायचे, आणि कागदात जे नाही ते जगात नाही असं त्यांचं पक्कं मत.

तेताने आराखडा त्यांच्या टेबलावर आपटला. टेबलभर पीठ उडालं.

"ऑस्टिन, हे काय आहे?"

"मिसेस दुत्को, बसा ना."

"बसायला नाही आले. माझ्या बापाचं नाव कुठाय?"

सरांनी कपाटातून खाणीची जाडजूड वही काढली. "हे बघा. सहा जणांची नावं. बाकीच्यांसमोर फक्त कामगारांच्या बिल्ल्यांचे आकडे. कंपनीने तेवढंच लिहिलंय. मी मनाने नावं कशी घालू?"

"मनाने कोण घाल म्हणतंय? मला विचारायचं होतंस. आमच्या खालच्या गल्लीत कुणालाही विचारायचं होतंस. पंचवीस वर्षं आमच्या पिरोही खातोयस. एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही, की बाई, तुमचा माणूस कोण होता?"

सर लाल झाले. "तुमच्याकडे कागद असेल तर आणा. कागद आणलात तर कार्यकारिणीपुढे ठेवतो."

"आणते," तेता म्हणाली. "आणि हो, टेबल पुसून घे."

चर्चच्या कपाटात मृतांची वही होती, जुन्या लिपीतली. आमच्यातल्या कोणालाच ती वाचता येईना. फादर तरुण होते, पण पाद्र्यांच्या सेमिनरीत ती लिपी शिकले होते. चष्मा कपाळावर चढवून, बोट ठेवत त्यांनी एकेक ओळ वाचली. वासिल ह्नात, वय सव्वीस. मित्रो केर्च, एकोणीस. आंद्री सावचक. इल्को आणि याकीम बिलँच, सख्खे भाऊ. प्रत्येक नावाला टेबलाभोवतीची एखादी बाई पुढे सरकायची, कारण ते तिच्या घरातलं असायचं. तेता मात्र डोळे मिटून ऐकत होती. बापाचं नाव आलं तेव्हा तिने मान एकदाच हलवली, हिशोब जुळल्यासारखी.

दहा नावं झाली. अकराव्या ओळीपाशी फादर थांबले.

"इथे नाव नाही. लिहिलंय, एक परका माणूस. तीन दिवसांपूर्वी आला होता. केर्चच्या घरात खाट भाड्याने घेतली होती. पुष्कळांना विचारलं, नाव कोणाला ठाऊक नाही. देवाला ठाऊक."

"बिचारा," कोणीतरी पुटपुटलं.

"त्याचंही घालायचं," तेता म्हणाली.

"नाव नाही तर काय घालणार?"

"हेच. नाव माहीत नाही असं घालायचं."

कार्यकारिणीची बैठक पुढच्या मंगळवारी झाली. सात सभासद, आणि भिंतीला टेकून उभ्या आम्ही चौघी. सरांनी शब्द पाळला, वहीची नक्कल आणि फादरांचं भाषांतर पुढे ठेवलं. खजिनदार कार्ल स्ट्रूप होते, गावातल्या फर्निचरच्या दुकानाचे मालक. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले.

"दगडाचं काम सुरू झालंय," ते म्हणाले. "अक्षरामागे पैसे पडतात. आणि ही नावं! इंग्रजीत लिहायची कशी, यावरच दहा वर्षं भांडणं होतील. शिवाय अकरावा माणूस तुम्हालाही माहीत नाही. मग यादी अपुरीच. त्यापेक्षा 'इतर' काय चुकीचं आहे?"

तेता भिंतीपासून पुढे आली.

"माहीत नाही हे एक असतं, कार्ल. विचारलंच नाही हे दुसरं. आमच्या त्या वेळच्या पाद्र्याने गल्लीगल्लीत फिरून विचारलं, आणि नाही मिळालं तर तसं लिहून ठेवलं. तुमच्या साहेबाने आकडा लिहिला आणि जेवायला गेला."

"आपण भावना बाजूला ठेवू या," सर म्हणाले.

"तू ठेव. माझ्या बाजूला जागा नाही."

मतं घेतली. पाच विरुद्ध दोन. 'इतर अकरा' राहिलं. आमच्या बाजूने हात वर केला तो औषधाच्या दुकानवाल्याने आणि ग्वाडिस प्यू या म्हातारीने. ग्वाडिसचे आजोबा दगडावर नाव असलेल्या सहांतले. बाहेर पायऱ्यांवर ती तेताला म्हणाली, "मला लाज वाटली." तेता म्हणाली, "लाजेने काय होणार? तू वीस वर्षं मंडळाची चिटणीस होतीस. काहीतरी सांग की." ग्वाडिसने थोडा विचार केला आणि तिच्या कानाशी लागून काहीतरी सुचवलं.

त्या गुरुवारी तळघरात नुसता कल्ला. निम्म्या म्हणत होत्या, यंदा पिरोही नाहीत, बघू त्यांना काय सुचतं ते. ज्याचं जेवण त्याने शिजवावं!

"हं," तेता म्हणाली. "आपण नाही शिजवलं तर लोक पिझ्झा खाऊन घरी जातील आणि म्हणतील, म्हाताऱ्या रुसल्या. रुसायचं नाही. यंदा सगळ्यांत जास्त करायच्या. पण वाढायच्या आपल्या अटीवर."

रविवारी ऊन छान पडलं होतं. मंडळाच्या अंगणात टेबलं मांडली, दारापासून खाली रस्त्यापर्यंत रांग लागली. दाराशी कार्ल तिकिटं फाडत होते. त्यांच्या पुढे आमची टेबलं, लोण्यात परतलेला कांदा, वाफाळलेल्या पिरोही, आणि मधोमध खुर्चीवर तेता. तिच्या मांडीवर चिठ्ठ्यांचं भांडं.

पहिला आला एक जाडा गृहस्थ, ताट पुढे करून. तेताने त्याला चिठ्ठी दिली.

"वाच."

"हे काय? लॉटरी?"

"नाव आहे. मोठ्याने वाच, मग वाढतील."

त्याने वाचलं, "वासिल... नॅट?"

"नॅट नाही. ह्नात. आधी श्वास सोड, मग बोल."

"ह्... ह्नात."

"माझा बाप होता. खाणीत बुडाला. घाला गं याला दहा."

मागचे हसले, पण त्यांच्यातल्या पहिल्याने चिठ्ठी मागून घेतली. थोड्याच वेळात रांगेतच सराव सुरू झाला. एकमेकांच्या चिठ्ठ्या बघून माणसं नावं पुटपुटत होती. न्यू जर्सीहून आलेल्या एका बाईच्या हातात केर्च आलं. ती वाचता वाचता थांबली. "हे माझ्या आईच्या माहेरचं नाव," ती म्हणाली. नाव तिला ठाऊक होतं, पण माणूस कसा गेला ते ठाऊक नव्हतं. ती ताट घेऊन बाजूला जाऊन बसली आणि बराच वेळ खाल्लंच नाही.

एव्हाना कार्लना पत्ता लागला. ते तरातरा आले.

"तेक्ला, हा काय तमाशा आहे? लोकांनी पैसे मोजलेत!"

"मोजू देत. पैसे तुझ्या डब्यात गेले ना? ताट माझ्या हातात आहे."

"मी तुम्हाला इथून उठायला सांगू शकतो."

"सांग. हा घे झारा. साडेतीनशे माणसं आहेत. कांदा करपवू नकोस."

कार्लनी झाऱ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि परत दाराशी गेले. रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली.

ग्वाडिस आली तेव्हा तिने चिठ्ठी घेतली, "आंद्री सावचक" असं स्पष्ट वाचलं, पण ताट पुढे केलं नाही.

"माझ्या आजोबांची चिठ्ठी आहे का या भांड्यात?"

तेताने भांड्यात पाहिलं. मग म्हणाली, "नाही."

"तेही त्याच पाण्यात बुडाले, तेक्ला."

तेताने माझ्याकडे पाहिलं. "स्टेफा, पेन आण." आणि तिथेच, रांग थांबवून, तिने सहा चिठ्ठ्या आणखी लिहायला लावल्या. ग्वाडिसने नावं सांगितली, मी लिहिली. पुढचा माणूस आला त्याला पहिलीच चिठ्ठी एव्हन पॉवेलची मिळाली.

सर शेवटी आले. रांगेतले सगळे बघत होते. तेताने भांड्यात हात घातला नाही, एप्रनच्या खिशातली चिठ्ठी काढून दिली. सरांनी ती मनात वाचली. त्यावर लिहिलं होतं: एक माणूस, नाव माहीत नाही.

"मिसेस दुत्को, कार्यकारिणीचा निर्णय झालाय. मी असा..."

"वाच, नाहीतर बाजूला हो. मागे लोक उभे आहेत."

सर बाजूला झाले. रिकामं ताट त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवलं आणि घरात गेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तेताला वाटलं की नाही, सांगता येत नाही. तिने पुढच्याला चिठ्ठी दिली.

ग्वाडिसने काय सुचवलं होतं ते आता सांगते. मंडळाच्या घटनेत लिहिलं होतं की दोन डॉलर भरले की कोणीही सभासद, आणि जानेवारीच्या वार्षिक सभेत सभासद कार्यकारिणी निवडतात. वीस वर्षांत त्या सभेला बारापेक्षा जास्त माणसं कधी आली नव्हती. म्हणून ताट घेतल्यावर प्रत्येकाला पुढच्या टेबलाशी ग्वाडिस भेटायची, हातात सभासदत्वाचे अर्ज घेऊन. "खाऊन झालं की सही करा," ती म्हणायची, "कांद्याचे हात लागले तरी चालतील."

नोव्हेंबरमध्ये दगड आला, 'इतर अकरा'सकट. कार्यकारिणीने तो एका बुधवारी दुपारी गुपचूप उभा केला. आम्ही गेलो नाही.

जानेवारीत बर्फ गुडघाभर होतं. तरी सभेला त्र्याण्णव माणसं आली. खुर्च्या पुरल्या नाहीत, जिन्यावर बसली. न्यू जर्सीची ती बाईसुद्धा आली होती. कार्ल हरले. सर उमेदवार म्हणून उभेच राहिले नाहीत, किल्ल्या टेबलावर ठेवून कोपऱ्यात बसले. ग्वाडिस अध्यक्ष झाली, तेता कार्यकारिणीवर आली.

दगडाचं काय करायचं यावर पहिल्याच बैठकीत वाद झाला. कोणी म्हणालं, मागच्या बाजूला नावं कोरू, स्वस्तात होईल.

"मागे नाही," तेता म्हणाली. "माझा बाप सत्त्याहत्तर वर्षं मागे आहे."

शेवटी दगडवाल्यानेच तोडगा काढला. मागची बाजू घासून तिथे सतरा ओळी कोरायच्या आणि दगड फिरवून बसवायचा. 'इतर अकरा' भिंतीकडे तोंड करून राहील.

एप्रिलमध्ये एका सकाळी सर खालच्या गल्लीत आले. मी तेताच्या ओट्यावर बसले होते. त्यांच्या हातात जाड पाकीट होतं. हिवाळाभर ते बंदरांच्या कचेऱ्यांना, जहाजांच्या कंपन्यांना पत्रं लिहीत होते. १९११ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरलेल्या माणसांच्या याद्या त्यांनी मागवल्या होत्या.

"अकराव्याचं नाव मिळालं नाही," ते म्हणाले. "चाळीसेक माणसं असू शकतात. कोणता ते सांगता येत नाही."

तेताने पाकीट उघडून सगळी पानं पाहिली. तिला इंग्रजी हळू वाचता यायचं, तरी एकही पान सोडलं नाही.

"विचारलंस ना," ती म्हणाली. मग उठून आत गेली, कॉफीचे तीन पेले घेऊन आली आणि त्यातला एक त्यांच्यापुढे ठेवला. माफी कोणी मागितली नाही. सर बसले.

मे महिन्यात दगड फिरवला. वयाप्रमाणे नाही, हुद्द्याप्रमाणे नाही. फादरांनी आणि ग्वाडिसने मिळून सगळी नावं सरमिसळ लावली होती. शेवटच्या ओळीत: एक माणूस, नाव माहीत नाही. तेता दगडाजवळ गेली आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवत सतराही ओळी तपासल्या. चूक नव्हती. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. तो म्हणाला, "आजी, बापाच्या नावाला हात लावून थोडं हसा ना."

"हसू कशाला?" तेता म्हणाली. "मी काही बक्षीस नाही जिंकलं. हे आमचंच होतं."

फोटोत ती तशीच आहे, तोंड घट्ट मिटून, दोन्ही पाय रोवून उभी.