सांडू नये म्हणून

मुंगी पायाच्या अंगठ्याच्या नखावर येऊन थांबली होती. काळी, बारीक — पुढे जावं की वळावं अशी घुटमळत असल्यासारखी. शिवदासने तिच्याकडे पाहायचं नव्हतं. नजर समोर, मऊ; गुडघे किंचित वाकलेले; दोन्ही हात छातीसमोर, झाडाला अलगद मिठी मारल्यासारखे गोल... आणि श्वास बेंबीच्या तीन बोटं खाली. मुलुंडच्या त्या बागेत आठ-दहा माणसं अशीच न दिसणारी झाडं धरून उभी होती. सहाव्या-सातव्या मिनिटाला रोज तळव्यांत जी ऊब उतरायची, जिला ताई-ची हा चिनी व्यायाम शिकवणारे दिपेश सर 'ची' म्हणत, आतली शक्ती म्हणत, ती आज उतरत नव्हती.

कालपर्यंत उतरत होती. बावीस दिवस. जन्मभर कारखान्यात लेथ मशीनवर काम केलेले हे हात — केसाइतका फरक बोटांना कळायचा — त्यांना खरी ऊब आणि भास यांतलं अंतर कळणार नाही? ती खरीच होती, आणि म्हणून तो ती जपून घरी नेत असे. वाटेत कुणाशी हात मिळवायचा नाही, बागेच्या लोखंडी फाटकाला शिवायचं नाही, गार दुधाची पिशवी घ्यायची नाही, लिफ्टचं बटण कोपराने दाबायचं... आणि दारात चपला टाकून थेट प्रेमाच्या पलंगाशी. अर्धांगाच्या झटक्यानंतर चार महिने निपचित पडलेला बायकोचा उजवा हात दोन तळव्यांत धरायचा. "कळतंय काही?" तो विचारी. ती डोळे मिटे, जरा वेळाने म्हणे, "थोडं... थोडं कळतंय हो."

त्या 'थोडं'वर त्याचा सगळा दिवस निघे.

उभं राहणं संपलं. सगळे झेन पद्धतीच्या ध्यानासाठी गवतावर बसू लागले तेव्हा तो दिपेशजवळ गेला. वयाने मुलासारखा, पण इथे सर.

"सर, आज तळवे गारच राहिले. घरी काय नेऊ?"

"न्यायचं कुठे, काका?"

त्याने सांगितलं. फाटक, दूध, कोपर — सगळं. दिपेश हसला आणि मग एकाएकी हसायचा थांबला.

"काका, ती काय तुपाची वाटी आहे, सांडायला? तुम्ही सैल झालात की हातांत रक्त खेळतं, एवढं मला माहीत आहे. काकूंच्या हाताचं... खोटं नाही बोलता येणार मला. बसा ना आमच्यात. झेनमध्ये काही मिळवायला नाही बसत."

पण मला मिळवायचंच होतं, त्याच्या मनात आलं. आणि माझ्यासाठी कुठे मागत होतो मी?... तो बसला नाही. फाटक त्याने मुठीत घट्ट धरून ढकललं. दूध घेतलं. लिफ्टचं बटण बोटाने दाबलं, गरजेपेक्षा जरा जोरातच.

प्रेमा उशीला टेकून बसली होती. गिझरच्या पाण्याखाली हात धरून यायला कितीसा वेळ लागणार होता... मोरीकडे वळलेलं पाऊल त्याने मागे घेतलं.

"आज हात गार आहेत," तो म्हणाला. "काही जमलं नाही."

"बरं झालं."

"बरं झालं?"

"अहो, रोज रोज काय सांगू? धावत येता, चपला भिरकावता, आणि तोंडाकडे बघत बसता, दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखे. मग म्हणावं लागतं, थोडं कळतंय."

"म्हणजे... कधीच नाही?"

तिने मान हलवली. "तुम्ही धरलाय, हे दिसायचं ना मला."

बावीस दिवस. तो बागेत वीस मिनिटं उभा राहून यायचा. आणि ही इथे, पडल्या पडल्या, त्याला तोलून धरत होती. राग यायला हवा होता. आला नाही. उलट हलकं वाटलं, आणि त्यामागोमाग भीती — उद्या सकाळी काय म्हणून उठायचं? बागेत जायचं का? त्याला ठाऊक नव्हतं. त्याने तिचा हात उचलला. नस, बोटांची टोकं, एखादी बारीकशी थरथर — काहीच शोधलं नाही. हात जड होता. मनगटापासून बोटांपर्यंत, भिजलेल्या चादरीसारखा जड. इतक्या दिवसांत हे वजन आपल्याला एकदाही जाणवलं कसं नाही... तो ते घेऊन बसून राहिला.