बायकांनी दिलेली उत्तरं

इस्पितळात तिला सगळे फोनताई म्हणत. काम काय, तर पक्षाघाताचा रुग्ण घरी गेला की तीन महिन्यांनी फोन लावायचा, आपलं आपण करतो का विचारायचं आणि शून्य ते सहामधला एक आकडा नोंदवायचा. शून्य म्हणजे ठणठणीत, सहा म्हणजे गेला. नऊ वर्षं तिनं हे इमानेइतबारे केलं. त्याच आकड्यांवर आणि जुन्या कागदपत्रांवर संगणक शिकला, आणि आता नवा रुग्ण कितपत सुधारेल हे तो आधीच सांगू लागला. फोनताईला त्याचं कोण कौतुक!

आणि मग तिच्या सख्ख्या दादालाच झटका आला. आयुष्यभर कुलपं दुरुस्त करणारा माणूस, उजवा हातपाय लुळा पडला. व्यायामाच्या वॉर्डात खाटा बारा. सुधारण्याची आशा जास्त, त्याचा नंबर आधी. यादी शुक्रवारी लागणार होती. दादाला संगणकानं शंभरात एकतीस दिले. हे सुरुवातीचे आठवडे नुसते पडून गेले तर पुढे किती जड जातं, हे तिनं फोनवर शेकडो वेळा ऐकलं होतं.

ती तडक गणितवालीकडे गेली. संगणकाला शिकवणारी ती हीच. बोलायला तुसडी, मनानं सरळ.

"आकडा बदल म्हणत नाही," फोनताई म्हणाली. "कशानं खाली आला तेवढं दाखव."

गणितवालीनं पडद्यावर कारणं काढली. वय, साखर, रक्तदाब ठीकठाक. सगळ्यांत जास्त खाली ओढत होतं ते एकच: पुरुष, घरात बायको.

"हे मलाही महिनाभर छळतंय," ती म्हणाली. "एकटे पुरुष सुधारतात, बायकोवाले नाहीत. आता वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंना काय सांगू, बायको तब्येतीला वाईट?"

फोनताई हसली नाही. तिला आठवलं, फोन उचलतं कोण. एकटा माणूस स्वतः उचलतो आणि सगळं जमतं म्हणून ऐटीत सांगतो. बाकी घरांत बायको. आंघोळ स्वतः करतात का? छे हो, पाणी मी काढते, कपडे मी ठेवते, पाठसुद्धा मीच चोळते. की हिनं लिहिला चार, म्हणजे परावलंबी! अगं बाई, दादाला तर धडधाकट असतानाही रुमाल हातात लागायचा. आजारानं काय गेलं आणि मुळात काय कधी केलंच नव्हतं, हे विचारायचं नऊ वर्षांत तिला सुचलं नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं डॉक्टरीणबाईंना सरळ सांगितलं. "चूक माझी आहे. पण माझा भाऊ यादीसाठी रांगेत आहे, तेव्हा फोन मी एकटी करणार नाही. कुणाला तरी शेजारी बसवा."

गणितवालीच बसली. तीन दिवसांत एकशे चाळीस घरं झाली. या वेळी फोन नवऱ्याच्या हातात द्यायला लावायचा, आणि करता का नाही, करू शकता का, असं विचारायचं.

"मला सगळं जमतं," एक जण कुजबुजला, "पण ही करू देईल तर ना."

काही जण खरंच अंथरुणात होते. त्यांचे आकडे तसेच राहिले. बावन्न जणांचे बदलले. गुरुवारी संगणक नव्यानं शिकला, दादाला अठ्ठावन्न मिळाले, आणि शुक्रवारी यादीत त्याचं नाव अकरावं लागलं. फोनताईच्या जिवात जीव आला. वहिनी तर तिच्या गळ्यात पडून रडली.

तीन महिन्यांनी दादाच्या घरी फोन लावायची वेळ आली, तेव्हाही गणितवाली शेजारी होती. फोन दादानंच उचलला.

"आंघोळ?"

"माझी मी."

"शर्टाची बटणं?"

"वेळ लागतो. पण लावतो."

"आठवडाभर घरात एकटा राहू शकशील?"

मागून वहिनीच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"राहू शकेन," दादा म्हणाला. "पण मला राहायचं नाही."

फोनताईनं दोन लिहिला, म्हणजे थोडं अडतं, पण आपलं आपण करतो. मग फोन न ठेवता दोघं बहीणभाऊ ते मशीन ऐकत राहिले.