राहती होडी

गोटीरामने नदीच्या पाण्याने कणीक मळायला घेतली तेव्हा काठावर माणसं जमायला लागली होती. त्याची बायको ठमाबाई होडीच्या मागच्या अंगाला, रोजच्या जागी निजलेली होती. पहाटे त्याने तिला चहाला हाक मारली, पुन्हा मारली, मग पायाचा अंगठा धरून हलवला. अंगठा गार होता. त्याला तिथेच कळलं. तरी चहा उतू जाईल म्हणून त्याने आधी स्टोव्ह बंद केला.

दसकच्या पुलाखाली होड्यांवर संसार करणाऱ्या या लोकांत एक रीत होती. माणूस होडीत गेलं, तर ज्या फळीवर गेलं तिथे दक्षिणेकडे तोंड करून कणकेचा दिवा लावायचा. एक विझत आला की त्यावरून दुसरा पेटवायचा. दहाव्याला नवऱ्याने किंवा लेकाने तो दिवा त्याच होडीतून मधल्या धारेत नेऊन सोडायचा. दुसऱ्या होडीतून चालत नाही. गोटीरामला लेकरू नव्हतं. म्हणजे हे त्यालाच करायचं होतं.

भिका चिखल तुडवत आला. ठमाबाईचा पाठचा भाऊ, तिला बाई म्हणायचा. होड्यांवर त्याचाच शब्द चालायचा. त्याने बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडला. खरंच रडला. मग गमछाने तोंड पुसून तो म्हणाला की साहेब उद्याच येणार आहेत.

सिंहस्थासाठी नदी मोकळी करायची होती. मासे धरायच्या होड्या राहतील, राहत्या होड्या मोडून नेणार, असा हुकूम होता. वरच्या अंगाच्या होड्या यंत्राने भांड्याकुंड्यांसकट उचलून काठावर आपटल्या होत्या. म्हणून सकाळपासून इथे जो तो चुली, गोधड्या, देव उसात नेऊन लपवत होता.

"दाजी, रडारड नको," भिका म्हणाला. "बाया रडत बसल्या की कळतंय, हितं माणसं राहत्यात."

मग कोणी रडलं नाही. ठमाबाईला जाळ्यावर टाकायच्या ताडपत्रीत गुंडाळून पैलतीराला नेलं आणि उजेड असतानाच जाळलं. भिकाची बायको लताबाई तोंडात पदर कोंबून उभी होती.

परतल्यावर भिका होडीत येऊन बसला. फळीवरच्या दिव्याकडे बघत राहिला. साहेबाने विचारलं तर काय सांगायचं, ते त्याने दाजीकडून घोकून घेतलं. बायको म्हटली की संसार आला, संसार आला की होडी गेली. त्यापेक्षा लग्नच केलं नाही म्हणायचं.

"आन दिवा?" गोटीरामने विचारलं.

"माशाची पाटी ठेव त्याच्यावर. आरं, बाईसाठीच सांगतोय. होडीच गेली तर दिवा कशातून सोडशील?"

हे गोटीरामला पटलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र काठावर येऊन सोंड वर करून उभं राहिलं. साहेब तरुण होते, नाकाला रुमाल लावून एकेक होडी बघत होते. गोटीरामच्या होडीत त्यांच्याबरोबरचा हवालदार उतरला. पाटीच्या फटींतून धूर येत होता. त्याने बुटाने पाटी उलटी केली.

"हे काय रे?"

"मासं येत्यात दिव्याला," गोटीराम म्हणाला.

"भर दिवसा?"

"डोक्यानं थोडा कमी हाय तो, साहेब," भिका काठावरून बोलला. माणसं हसली.

साहेबांनी विचारलं, बायकामुलं कुठे आहेत. गोटीराम पुटपुटला. हवालदाराने त्याला मोठ्याने बोलायला सांगितलं.

"लगीन नाय केलं," गोटीराम म्हणाला. या वेळी सगळ्या काठाने ऐकलं.

"याला देणार कोण पोरगी," हवालदार म्हणाला. पुन्हा हशा झाला. लताबाईसुद्धा हसली. लाकडाची होडी आहे, जळून मरशील, असं म्हणत हवालदाराने दिवा उचलला आणि सिगरेटचं थोटूक टाकावं तसा पाण्यात टाकला.

यंत्र निघून गेलं. एकही होडी गेली नाही. लोक उसातून चुली परत आणू लागले, कोणीतरी गूळ वाटला. गोटीरामने गूळ घेतला नाही. त्याने पुन्हा कणीक मळायला घेतली. दिवा मधेच विझला तर नव्याने लावलेला चालतो का, हे त्याला ठाऊक नव्हतं. विचारणार कोणाला, तर भिकालाच.

भिका आला तो आपल्या थोरल्या पोराला, भारतला घेऊन. भारतच्या खांद्यावर नवं जाळं होतं. त्याने ते होडीत टाकलं आणि दोर सोडायला वाकला.

"याचं लगीन ठरतंय," भिका म्हणाला. "त्याला होडी लागंल."

"ही ठमीची हाय."

"आमच्या बापानं दिल्याली बाईला. बाई गेली. तिचा नवरा असता तर गोष्ट येगळी होती."

गोटीरामला वाटलं, चेष्टा करतोय. तो किंचित हसलाही.

"सगळ्या काठानं ऐकलंय, दाजी," भिका म्हणाला. दाजी म्हणायचं काही त्याने सोडलं नव्हतं. "आता बदललं तर पुन्ना यंत्र येईल. सगळ्यांच्या होड्या जातील."

आजूबाजूची माणसं आपापल्या जाळ्यांत मान घालून बसली. लताबाईने त्याची गोधडी आणि कढई काठावर नीट ठेवून दिली, वर प्लास्टिकही पांघरलं. कणीक तिने आपल्या होडीत नेली, वाया जायला नको म्हणून.

दहाव्याच्या दिवशी गोटीराम पुलाखाली अंघोळ करून ओल्या धोतराने उभा राहिला. हातात नव्या कणकेचा पेटवलेला दिवा होता. होडी मागायला त्याने भारतला हाक मारली. भारत मासे धरायला गेला होता. होडी सायखेड्याकडे दिसेनाशी झाली होती. ती संध्याकाळी परत आली तेव्हा भारत म्हणाला, आता कुठे, काका, अंधार पडतोय, उद्या बघू.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. ठमाबाईचा दिवा धारेत सोडायचा राहिला आहे.