धड्याआडची यादी

माहिती कार्यालयात सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि ते त्याला मनापासून आवडायचं. कुठल्या दवाखान्यात आज कुठली लस आहे, ही यादी लोकांना मोबाइलवर दिसावी, हे काम त्याच्याकडे आलं. नुसती यादी टाकून गप्प बसेल तो मास्तर कसला? त्याने यादीआधी चार मिनिटांचा धडा घातला आणि धड्यानंतर तीन प्रश्न. तिन्ही बरोबर आले तरच यादी उघडायची. लोक शहाणे झाले पाहिजेत, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा.

शिंप्याची बायको दुपारी कार्यालयात शिरली ती तणतणतच. गेल्या महिन्यात नवऱ्याला साप चावला होता. जीव वाचला, पण उजवा हात मनगटापासून गेला.

"दोनदा चुकले मी," ती म्हणाली. "विषाचे प्रकार किती, म्हणे! माणूस समोर तडफडतोय आणि मी प्रकार मोजत बसू? शेवटी पुलापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे लसच नव्हती. बाहेरगावाहून येईपर्यंत हात गेला."

"ताई, धडा आधीच बघून ठेवायचा असतो. तहान लागल्यावर विहीर खणून कसं चालेल?"

"विहीर खणलेलीच होती रे मेल्या! तू वर कुलूप घातलंस."

शेजारच्या कारकुनांनी फायलींत डोकी खुपसली. चारचौघांत अरेतुरे ऐकून मास्तरच्या अंगाचा तिळपापड झाला.

"शंभरातले ऐंशी जण धडा पूर्ण करतात," तो म्हणाला.

"आणि वीस?"

"त्यांना शिकायचंच नसतं."

तिने मोबाइल त्याच्या टेबलावर आदळला. "उघड. बघू दे तरी, काय लपवलं होतंस."

मास्तर आपलाच धडा बघत बसला. पुढे सरकवायची सोय त्याने ठेवलीच नव्हती. पडद्यावरचा डॉक्टर हसत हसत बोलत राहिला, आणि ती डोक्यावर उभी. चार मिनिटं सरता सरेनात. त्याला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त तिचा. मग त्याने तीन उत्तरं दिली, आणि मोबाइलने टाळ्या वाजवल्या.

यादीत मागच्या दिवसांच्या नोंदीही होत्या; तिने सांगितलेली तारीख त्याने लावली. त्या दिवशी सापाची लस एकाच दवाखान्यात होती.

तिने पत्ता वाचला. बोट ठेवून पुन्हा वाचला.

"हा तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे," ती म्हणाली. "ह्याच्यासमोरूनच गाडी पळवली आम्ही."

मास्तरने बोलायला तोंड उघडलं.

"आता घरी जाऊन ह्यांना काय सांगू," ती म्हणाली, "तेवढं शिकव."