मास्तरांच्या कॉम्प्युटरच्या अंगात आले तेव्हा

सकाळी अकराच्या सुमारास शिंपी मास्तरांच्या दुकानातला कॉम्प्युटर भोंगा वाजवू लागला आणि पाच मिनिटांत अर्धा रस्ता दुकानात जमला. आग असती तर लोक बाहेर पळाले असते. भोंगा कसला ते कळेना, म्हणून सगळे आत शिरले.

मी आधीपासून आतच होतो. मास्तरांनी माझ्या पँटला कंबरेपासून गुडघ्यापर्यंत टाचण्या लावल्या होत्या आणि "हलू नका" असे बजावून ते कॉलरचा एक नमुना शोधायला कॉम्प्युटरकडे गेले होते. त्यामुळे पुढचा सगळा चमत्कार मी उभ्याने पाहिला. बसणे शक्य नव्हते.

पडदा लालभडक झाला होता. त्यावर पांढरी अक्षरे: तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, तो बंद करू नका, ताबडतोब खालील नंबरावर फोन करा. मास्तरांची पाचावर धारण बसली. त्या कॉम्प्युटरात चाळीस वर्षांची मापे होती. या भागातल्या प्रत्येकाची कंबर, छाती, बाही आणि मान त्यात नोंदलेली. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून टेपवरचे आकडे त्यांना नीट दिसत नसत आणि जुन्या मापांवरच त्यांचे दुकान चालले होते.

मास्तरांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावे म्हणून स्पीकर चालू केला.

"नमस्कार सर," आवाज आला. "मुख्य सुरक्षा केंद्रातून बोलतोय. तुम्ही अगदी वेळेवर फोन केलात. मला तुमच्या मुलासारखा समजा."

मास्तरांना मुलगा नव्हता. लोणी कुठे लावायचे ते आवाजाला नेमके ठाऊक असावे.

"साहेब, माझी मापं जातील का हो?"

"मी आहे तोवर काही जाणार नाही, सर. मी सांगतो तेवढी अक्षरं टाइप करा. आता 'परवानगी द्या' म्हणून एक चौकोन येईल, तिथं दाबा. शाब्बास. आता माउसवरचा हात काढा."

मास्तरांनी पोलिसासमोर करावेत तसे दोन्ही हात वर केले. आणि पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागला.

दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. माझ्या दोन पडल्या, त्या ऐकू आल्या.

"हात कुणाचाच नाही," समोरच्या दुकानातले घड्याळजी पुटपुटले. आयुष्यभर काटे फिरवलेला माणूस, पण चावीशिवाय फिरणारे काही त्यांनी पाहिले नव्हते. बाण इकडून तिकडे फिरला, खिडक्या उघडल्या, मिटल्या. अंगात आलेल्या माणसाने घुमावे तसा कॉम्प्युटर घुमत होता.

"अहो, यांनीच माझाही कॉम्प्युटर बरा केला गेल्या महिन्यात," बेकरीवाल्या वहिनी पुढे सरसावल्या. "तेव्हापासून कसा पळतोय. बोलणं किती गोड, बघा ना. उगाच शंका नका घेऊ कुणी."

शंका कोणी घेतलीच नव्हती. पण वहिनींनी ती आगाऊ फेटाळून लावली.

"आता हे पाहा," आवाज गंभीर झाला. पडद्यावर एक लांबलचक यादी उघडली आणि तिच्यात लाल फुल्याच फुल्या. "ही प्रत्येक फुली म्हणजे एक बिघाड. एकूण चार हजार दोनशे अकरा. त्यातले तीन परदेशी आहेत."

"परदेशी?" मास्तरीणबाई काज करता करता थांबल्या.

"हो आई. ते सगळ्यात चिवट असतात."

यानंतर साहेबांनी आपली सिद्धी दाखवली. प्रत्येक कॉम्प्युटरला जन्मतः एक गुप्त आकडा असतो, जगात तसा दुसरा नाही, आणि तुमचा आकडा आमच्या केंद्रात नोंदलेला आहे, असे ते म्हणाले. "मी इथून वाचतो, तुम्ही तिथं पडताळा. आठ, आठ, आठ..." पडद्यावरच्या काळ्या चौकटीत खरोखर तोच आकडा होता. घड्याळजी आपल्या डोळ्याच्या भिंगातून एकेक अंक तपासत होते आणि जुळला की मान डोलवत होते. बत्तीसच्या बत्तीस जुळले.

मी आयुष्यभर बुवा-बाबांची टिंगल करत आलो आहे. आकडा जुळला तेव्हा मी हात जोडले नाहीत, एवढीच काय ती माझी बुद्धिनिष्ठा. एका हाताने पँट धरलेली होती, हे त्याचे दुसरे कारण.

मग बाण बँकेच्या पानावर गेला. साहेबांनी मास्तरांना पासवर्ड टाकायला लावला, "मी डोळे मिटतो" असेही सांगितले आणि कोणी हसले नाही. पाच वर्षांचे संरक्षण घ्यायचे होते. किंमत ऐकून मास्तरीणबाईंची सुई बोटात गेली.

"अहो, ते डोळ्याचे पैसे आहेत. मंगळवारी ऑपरेशन आहे तुमचं."

"आई, डोळे काय, पुढच्या महिन्यातही होतील," आवाज मायेने म्हणाला. "मापं एकदा गेली की गेली."

मास्तर बायकोकडे बघेनात. "मापंच राहिली नाहीत तर डोळे घेऊन करू काय?" असे पुटपुटून त्यांनी मोबाइल उचलला. त्यावर बँकेचा सहा आकडी कोड आला होता, तो साहेबांना वाचून दाखवायचा होता. मास्तरांनी फोन जवळ नेला, लांब नेला, तिरका धरला. त्या दिवशी मोतीबिंदूने त्यांच्यावर पहिल्यांदा उपकार केले. पण मास्तरांनी ते फार काळ टिकू दिले नाहीत. फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "काका, तुम्ही वाचा. तुम्हाला चष्मा आहे."

आणि मी वाचू लागलो. "चार... नऊ..."

माझ्या आणि फोनच्या मध्ये एक हात आला. औषधांचा वास असलेला, नखे अगदी बारीक कापलेला. शेजारच्या रक्त-लघवी तपासणीच्या लॅबवाल्या ताई आपला पांढरा कोट न्यायला आल्या होत्या.

"काका, तो निरोप पुरता वाचलात का? 'हा कोड कोणालाही सांगू नका' असं त्याच्याच खाली लिहिलंय."

लिहिले होते. मी वरची ओळ वाचून खालच्या ओळीचा अपमान करत होतो.

"कोण बोलतंय सर? वेळ चाललाय," आवाज म्हणाला.

ताईंनी गर्दीकडे पाहिले, मग फिरणाऱ्या बाणाकडे, मग भिंतीजवळ गेल्या आणि इंटरनेटच्या डब्याची वायर उपटली. बाण जागच्या जागी थांबला. अंगातले निघून गेल्यावर माणूस बसतो तसा अगदी गप्प.

"ताई, साहेबांचं काम मध्येच तोडलंत," वहिनी रागावल्या.

"तेच तर तोडलं. मास्तर, त्यांनी तुमच्याकडून 'परवानगी द्या' वर दाबून घेतलं ना? दार तुम्हीच उघडलंत, तो नुसता आत आला. माउस तो त्याच्या टेबलावर हलवत होता."

"सर," आवाजातला मुलगा आता जरा कडक झाला होता, "कनेक्शन तोडलंत तर पंधरा मिनिटांत सगळं पुसलं जाईल. मग मला बोलू नका."

मास्तरांचा चेहरा पडला. "ताई, लावा हो ती वायर. आकडा जुळला. घड्याळजींनी भिंगातून पाहिलाय. इतक्या लांबून माझ्या मशीनचा आकडा त्याला कसा कळला, ते सांगा आधी."

"सांगत नाही, दाखवते," ताई म्हणाल्या. फोनकडे वळून अत्यंत नम्रपणे त्यांनी विनंती केली, "साहेब, जरा होल्ड करा हं. तुमच्याकडे असतं तसं गाणं नाही आमच्याकडे."

त्या लॅबमध्ये गेल्या आणि एक लॅपटॉप घेऊन आल्या. काल संध्याकाळी आलेला, अंगावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा अजून न काढलेला, इंटरनेटशी तोंडओळखही न झालेला. कापायच्या टेबलावरचे कापड सरकवून त्यांनी तो मांडला.

"आमच्याकडे नवीन तपासणी आली की आधी ती धडधाकट माणसाच्या रक्तावर करून बघतात. तो आजारी निघाला तर दोष माणसात नाही, तपासणीत. आता हा निरोगी नमुना. कालच जन्मलाय. घड्याळजी, मास्तरांच्या मशीनवर काय टाइप केलं होतं ते वाचा."

घड्याळजींनी वाचले, ताईंनी तसेच टाइप केले. काळ्या चौकटीत भराभर ओळी उमटल्या. घड्याळजींनी भिंग लावले.

"आठ, आठ, आठ..." ते थांबले. एकदा मास्तरांच्या पडद्याकडे, एकदा लॅपटॉपकडे पाहून त्यांनी भिंग पुसले आणि पुन्हा लावले. "हा तर तोच आहे. बत्तीसच्या बत्तीस."

"अशा सगळ्याच कॉम्प्युटरांत हाच आकडा असतो. जन्मखूण नाही ती. तुमच्या पायाला दहा बोटं आहेत, असं फोनवरून ओळखण्यासारखं आहे. आता फुल्या बघू."

ती यादीही उघडली. एका दिवसाच्या बाळाच्या अंगावर सत्तावीस लाल फुल्या होत्या.

"ही कॉम्प्युटरची रोजनिशी आहे," ताई म्हणाल्या. "एखादा प्रोग्राम उघडायला उशीर झाला, प्रिंटर सापडला नाही, की तो लिहून ठेवतो. तुमचा आठ वर्षं लिहितोय, म्हणून चार हजार. आणि ते लाल पान, भोंगा, सगळं एक वेबपान होतं. कुणीही जाहिरात लावतं तसं कुणीतरी लावलेलं. बंद केलं असतं तर गेलं असतं. म्हणून तर 'बंद करू नका' असं लिहिलं होतं."

मग त्या फोनजवळ गेल्या. "साहेब, एकच शंका. निरोगी कॉम्प्युटरची यादी कशी दिसते? एकही फुली नसलेली एखादी दाखवाल का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. मग, "मॅडम, तुम्ही टेक्निकल माणूस नाही."

"नाही. पण माझ्या लॅबमध्ये आलेला प्रत्येक माणूस आजारी निघायला लागला ना, तर मी औषध विकायला बसत नाही. मशीन दुरुस्तीला पाठवते."

यावर साहेबांनी जे शब्द वापरले ते कोणताही मुलगा आपल्या आईसमोर वापरत नाही. मास्तरीणबाईंनी कान झाकले नाहीत, त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मास्तर मात्र हळूहळू खुर्चीतून उठले.

"साहेब," ते म्हणाले, "माझी मापं पुसायची तर पुसा. वायर तर निघालीय. कशी पुसता ते मलाही बघायचंय." आणि त्यांनी अंदाजाने लाल बटण चाचपून फोन बंद केला. पहिल्यांदा चुकून आवाज वाढला, दुसऱ्यांदा बंद झाला.

पुढचा अर्धा तास ताईंनी कोणाला बोलू दिले नाही. बँकेला फोन करून खाते गोठवले, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलला, पोलिसांत तक्रार नोंदवली. दुरुस्तीवाल्याने येऊन तो घुसलेला प्रोग्राम काढेपर्यंत त्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असे ठरले. पैसे होते तेवढेच होते, मापेही होती. दोन अंकांवर थांबलो होतो आम्ही. म्हणजे मी.

"मला तर पहिल्यापासूनच शंका होती," घड्याळजी म्हणाले. सगळी वरात निघून गेल्यावर घोडे दाखल झाले.

बेकरीवाल्या वहिनी मात्र दाराशीच उभ्या होत्या. "ताई," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मग मी गेल्या महिन्यात जे भरले... ते कशाचे?"

पैसे दिल्यानंतर आपण फसलो असे म्हणण्यापेक्षा कॉम्प्युटर पळतोय असे म्हणणे सोपे असते. त्यांनी ते घरीही सांगितले नव्हते, आणि म्हणूनच त्या आज इतक्या पोटतिडकीने साक्ष देत होत्या.

"वहिनी, तुमचा कॉम्प्युटर अजून त्याच्या हातात असेल," ताई म्हणाल्या. "चला, आधी त्याची वायर काढू. बँकेलाही आत्ताच कळवू. रडायचं ते चालता चालता रडा."

दोघी गेल्या.

मंगळवारी मास्तरांच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पंधरा दिवसांनी दुकान उघडले तेव्हा मला वाटले, झाले गेले ते मास्तर झाकून ठेवतील. म्हातारपणी फसता फसता वाचलो, हे कोण सांगत फिरतो? मास्तर सांगतात. तेही माप घेताना. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप टाकायची, आकडा नव्या डोळ्याने स्वतः वाचायचा, आणि टेप सोडायच्या आधी लाल पान, फिरणारा बाण, आठ आठ आठ आणि काकांनी वाचलेले दोन अंक, सगळे सांगायचे. गळ्यात टेप असलेले गिऱ्हाईक पळत नाही. त्यातले दोघे-तिघे मान मोकळी झाल्यावर हळूच म्हणाले, "मास्तर, आमच्याकडेही असाच फोन आला होता." एकाने पैसेही दिले होते. बायकोला सांगितले नव्हते, शिंप्याला सांगितले.

परवा एका आजींनी त्यांना विचारले, "पण मास्तर, त्या वेळी भीती वाटते हो. ऐन वेळी अक्कल कुठून आणायची?"

मास्तरांनी बाहीचे माप लिहून घेतले.

"अक्कल नंतर येते, आजी. आपण फक्त तिला वेळ द्यायचा," ते म्हणाले. "कुणी फोनवर घाई करायला लागला की आधी फोन ठेवा, मग शेजारच्या कुणाला तरी विचारा. आणि घाबरायचंच असेल तर खुशाल घाबरा. पण फोन ठेवून झाल्यावर."