पांढऱ्या ठिपक्याची माशी

गांधीलमाशीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देणं हा पोरखेळ नव्हे. आधी तिला जाळीखाली हलक्या हाताने दाबून धरायचं, टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच रंग लावायचा आणि ती डंख मारायच्या आत हात मागे घ्यायचा. धाकटीचा यात हातखंडा होता. ताई फोनवर तिला ‘धाकटे’ म्हणायची, ते ऐकून ऐकून ती सगळ्या प्रयोगशाळेची धाकटी झाली होती.

जिन्याच्या खिडकीवरच्या पोळ्यात प्रत्येक माशीला तिचा रंग होता, पण धाकटीचा जीव जडला होता पांढरीवर. इतर माश्या एक तर बाहेर राबायच्या, नाही तर पोळ्यावर बसून दादागिरी करायच्या. पांढरी एकटी दोन्ही करायची. भक्ष्य आणायची, अळ्यांना भरवायची, वर कामचुकारांना ढुशा देऊन कामाला लावायची, आणि स्वतः मात्र एकही अंडं घालायची नाही. राणीच्या पोरांसाठी एवढं मरमर राबायचं कशाला, हा तर या विषयातला मूळ प्रश्न. सख्ख्या बहिणी वाढवल्या तरी आपलीच जनुकं पुढे जातात, हे उत्तर ठीक. पण मग सगळ्याच बहिणी सारख्या का राबत नाहीत? प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना वाटत होतं, याचं उत्तर पांढरीच्या जनुकांत सापडणार. शुक्रवारच्या परिषदेत त्या धाकटीला व्यासपीठावर उभं करणार होत्या. भाषण रंगलं की प्रयोगशाळेतली कायमची जागा तिची, हेही जवळजवळ ठरलेलं होतं.

मंगळवारी जनुकं तपासणारा आला. पांढरीच्या पायाचं टोक दोनदा घेतलं होतं, एकदा हंगामाच्या सुरुवातीला आणि एकदा आता.

“आई एकच आहे, पण बाप दोन निघालेत,” तो म्हणाला. “गांधीलमाशीच्या नराकडे जनुकांचा एकच संच, तो सगळ्या लेकींना जसाच्या तसा मिळतो. इथे दोन नमुन्यांत ते संचच वेगळे आहेत. एका माशीला दोन बाप, असं तुमच्यात चालतं का?”

मॅडम हसल्या नाहीत. “तुमच्याकडेच भेसळ झाली असेल. दुसरा नमुना टाकून द्या.”

तो हात झटकून निघून गेला. धाकटीला मात्र चैन पडेना. ती स्टूल घेऊन खिडकीशी बसली. दुपारचं ऊन नेहमीसारखं पोळ्यावर आलं, पांढरी भक्ष्य घेऊन उतरली, आणि पोळ्यामागून तिला सामोरी आली तीही पांढरीच. दोघींनी घास वाटून घेतला.

धाकटीने वाकून दोन्ही ठिपके नीट पाहिले. सुरुवातीला पोळ्यावर एक पिवळी होती, चांगली भांडकुदळ. एके दिवशी ती दिसेनाशी झाली, तेव्हा पक्ष्याने टिपली असणार असं समजून धाकटीने तिच्यावर पाणी सोडलं होतं. त्या दिवशी तिला जेवणही गेलं नव्हतं. पिवळी कुठेही गेली नव्हती. रोजच्या उन्हाने तिचा रंग उडून पिवळ्याचा पांढरा झाला होता, एवढंच. एक बाहेर असली की दुसरी दिसायची, आणि धाकटी मारे कौतुक करायची की या बयेला थकवा म्हणून ठाऊक नाही!

संध्याकाळी तिने ताईला फोन लावला. ताई सकाळी शाळेत शिकवायची आणि उरलेला दिवस अंथरुणाला खिळलेल्या बाबांचं सगळं करायची.

“तरीच!” सगळं ऐकून ताई म्हणाली. “मला वाटायचंच, एकटीने एवढं कोण करतं गं? जीव जाईल.”

‘पांढरी अगदी तुझ्यासारखी,’ असं धाकटीने ताईला कितीदा तरी सांगितलं होतं, आणि सुट्टीतही घरी जायचं टाळलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“ताई, शनिवार-रविवार बाबांचं मी बघेन.”

“आधी तुझ्या मॅडमना सांग. मग माझ्यावर उपकार कर.”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “कुणाला कळणार आहे? हंगाम संपला की पोळंही रिकामं होईल.”

“मला कळलंय ना.”

“जागा जाईल.”

“जाऊ दे. मी उभी राहिले तर हेच सांगेन मॅडम. नको असेल तर माझं नाव काढा.”

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नाव त्यांनी काढलं नाही.

शुक्रवारी धाकटीने पडद्यावर दोन्ही माश्या शेजारीशेजारी दाखवल्या आणि घडलं ते सांगून टाकलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम पहिल्या रांगेतून उठल्या. एरवी त्या तिला अगं-तुगं करायच्या.

“मग अख्ख्या हंगामात तुम्हाला कळलं तरी काय?”

धाकटीने दोन्ही हातांनी टेबल धरलं. “कळलं, की अशी माशी नव्हतीच. दोघींचं काम मी एकीच्या नावावर मांडत होते. मला तशी कुणीतरी असायला हवी होती. एखादी तशी असली की बाकीच्यांना निवांत बसता येतं.”

मॅडम खाली बसल्या.

जागा गेलीच. हाती असलेल्या तात्पुरत्या नेमणुकीची मुदत तेवढी शिल्लक होती. शनिवारी तिने ताईला बळेबळे घराबाहेर पिटाळलं आणि बाबांना अंघोळ घातली. सोमवारी उन्हात न उडणारे रंग घेऊन ती खिडकीशी बसली, आणि पहिल्या माशीपासून पुन्हा सुरुवात केली.