नऊशे एकेचाळीस ठिपके

दीड वर्षापूर्वी बायको गेली, तेव्हापासून सुधाकर रणपिसे यांची झोप रुसून बसली होती. एरवी हा माणूस कुठेही झोपायचा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये, ऑफिसला नेणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये उभ्याउभ्या, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत चक्क आ वासून. आता रिटायर झाल्यावर अख्खा दिवस मोकळा होता, पण डोळ्याला डोळा लागत नव्हता.

त्या जानेवारीत नोएडात धुकं मुक्कामालाच आलं होतं. सकाळी अख्खा सेक्टर विरघळून जायचा. समोरची अर्धवट बांधलेली बिल्डिंग नाहीशी व्हायची आणि मागे फक्त आवाज उरायचे: कुणाचा तरी जनरेटर, दूधवाल्याची सायकल, पलीकडच्या गावातली म्हैस. त्या पांढऱ्या पोकळीत फेऱ्या मारताना सुधाकरना आपण जागे आहोत की स्वप्नात, हेच कळत नसे. कधी प्रभा दोन पावलं मागे चालतेय असं वाटे. ते मागे वळून बघत नसत, कारण बघितलं की ती नसे.

शनिवारी दुपारी ऊन पडलं तशी मृणाल गच्चीवर त्यांच्यापाशी आली. ही त्यांची एकुलती एक मुलगी. दिल्लीतल्या एका धर्मशास्त्राच्या कॉलेजात एम.टीएच. करत होती, हॉस्टेलवर राहत होती, आणि प्रबंधापायी तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. विषय होता, घरोघरच्या मराठी ख्रिस्ती बायका पवित्रशास्त्राचा अर्थ कसा लावतात. तिसरं प्रकरण पूर्ण तिच्या आईवर होतं, म्हणजे आईच्या पवित्रशास्त्रावर. ते जाडजूड पुस्तक तिच्या एका हातात होतं, दुसऱ्या हातात बुटांचं खोकं. खोक्यात कार्डं होती. आईनं समासात पेन्सिलीनं काढलेल्या एकेका ठिपक्याचं एकेक कार्ड. एकूण नऊशे एकेचाळीस.

"पप्पा, सोमवारी सबमिशन आहे यार. गाईड सुनीती मॅडम म्हणतात, घरातल्या साक्षीदाराची सही हवीच. प्रकरण वाचलंत ना?"

"वाचलं."

"मग करा ना सही. काल पण चष्मा सापडत नाही म्हणालात."

चष्मा नाकावरच होता. सुधाकरनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि ती बराच वेळ चघळली.

सही करायचं निवेदन चार ओळींचं होतं. माझी पत्नी कै. प्रभा हिने १९९३ ते १९९७ या काळात मनन करताना तिला भावलेल्या वचनांपुढे हे ठिपके केले, हे मी जाणतो. झालं. सही, तारीख. पण त्यांचा हात काही उचलत नव्हता, कारण त्या ओळींत खोटं होतं आणि खरं काय ते जगात फक्त त्यांना माहीत होतं.

प्रकरण मोठं सुंदर लिहिलं होतं पोरीनं. सरकारी क्वार्टर सोडून रणपिसे नोएडाच्या या उजाड सेक्टरात आले, आणि त्याच आठवड्यात प्रभाचे ठिपके सुरू झाले. कुठे? अब्राहाम तंबू ठोकतो तिथे. विहिरीवरून भांडणं होतात तिथे. वाळवंट, तहान, पुन्हा तंबू. मृणालनं त्यातून आईचं एक अख्खं 'विस्थापनाचं धर्मशास्त्र' उभं केलं होतं. वाळवंटातल्या देवाच्या तंबूच्या, निवासमंडपाच्या, खुंट्यांच्या वर्णनापुढे सात ठिपके होते, एकावर एक. त्या खुंट्यांवर मृणालची अडीच पानं होती. परक्या मातीत घट्ट रुतण्याची एका स्त्रीची मूक आस, असं काहीतरी. वाचताना सुधाकरना रडू आलं होतं आणि लगेच हसूही आलं होतं. हसण्याची मग लाज वाटली होती.

"मृणाल," ते म्हणाले, "त्या खुंट्या आहेत ना..."

"हो, सात ठिपके! मॅडमना तो भाग बिल्कुल ओरिजिनल वाटला."

"त्या दिवसांत चार्टर्ड बसवाल्यांचा संप होता. मी तीन बस बदलून, उभा राहून घरी यायचो."

मृणालला काही कळलं नाही. सुधाकरनी डोळे मिटून घेतले, कारण उघड्या डोळ्यांनी हे सांगणं त्यांना जमणार नव्हतं. दिल्लीच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते पंच होते. संध्याकाळची कौटुंबिक उपासना कधी चुकवू नका, असं लोकांना बजावणारे.

"तू हॉस्टेलवर असायचीस तेव्हा आई रोज सात वाजता मला वाचून दाखवायची. नव्या घरात आलो म्हणून नवं पुस्तक आणलं आणि उत्पत्तीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. मी ऑफिसातून येऊन सोफ्यावर बसायचो, आणि चार-पाच वचनं झाली की मला झोप लागायची. ती तिथे ठिपका करायची. दुसऱ्या दिवशी म्हणायची, काल इथे तुमचा डोळा लागला, चला पुढे. बेटा, ते ठिपके तिचे नाहीत. ते माझ्या झोपेचे आहेत."

खालच्या रस्त्यावरून रद्दीवाला ओरडत गेला.  मृणालनं खोक्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"तंबू आणि विहिरी..." ती हळूच म्हणाली.

"सुरुवातीच्या पाच पुस्तकांत दुसरं आहे काय? कुठेही झोपलं तरी तंबूतच झोपणार माणूस."

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले. वर्षभराची मेहनत होती पोरीची. त्याहून वाईट म्हणजे तिला आई सापडली होती, विचार करणारी, मनातलं समासात मांडून ठेवणारी आई. ती आपण एका वाक्यात हिरावून घेतली, असं सुधाकरना वाटलं.

मृणालनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि पानं उलटायला लागली. बराच वेळ उलटत राहिली. मग एकदम थांबली.

"पप्पा, तुम्ही झोपल्यावर आई पुढे वाचायची?"

"वाचत असणार. मला काय माहीत, मी झोपलेला. तिला वाचनाचं वेड होतं, शाळेत असताना दोनदा अख्खं वाचलं होतं तिनं."

"पुढे नाही वाचलं." मृणालनं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. "हे बघा."

शेवटचा ठिपका 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकाच्या अखेरीस होता. प्रभा गेली तेव्हा ते संपायला दोन पानं उरली होती. त्यापुढच्या पानांच्या सोनेरी कडा एकमेकींना चिकटलेल्या होत्या, दुकानातून आणल्या तशाच. चर्चला प्रभा पर्समधला छोटा नवा करार न्यायची. हे पुस्तक फक्त सात वाजताचं होतं.

"चार वर्षं," मृणाल म्हणाली. "खुंट्यांवर सात दिवस. वंशावळीत एका नावावर नऊ ठिपके आहेत, पप्पा. रोज तेच वचन. आणि पुढे गेली नाही ती. तुम्हाला मागे टाकून पुढे नाही गेली."

सुधाकरनी त्या चिकटलेल्या पानांवरून अंगठा फिरवला. मोशेबरोबर वाळवंटात चाळीस वर्षं चालून ती सगळी माणसं यार्देन नदीच्या अलीकडेच उभी होती. देवानं कबूल केलेला पलीकडचा देश समोर दिसत होता, आणि प्रभा त्यांच्यासोबत तिथेच थांबली होती, नवरा जागा होण्याची वाट बघत. आपण एक संध्याकाळ, एक तरी संध्याकाळ जागे राहिलो असतो तर, असं त्यांना वाटलं आणि ते मुलीसमोर ओक्साबोक्शी रडले.

मृणालनं त्यांचा हात धरून ठेवला. मग तिनं निवेदनाचा कागद पालथा केला आणि त्यांच्यापुढे पेन ठेवलं. "आता खरं लिहा. मॅडमना मी सांगते, प्रकरण पुन्हा लिहायचंय, मुदत वाढवून द्या."

"दिली नाही तर?"

"तर पुढच्या वर्षी. पण खुंट्या काढणार नाही हं मी. फक्त अर्थ बदलेल."

सुधाकरनी लिहिलं. सही ठळक आली. मग त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक जवळ ओढलं आणि शेवटच्या ठिपक्यापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मोशे डोंगरावर चढला. त्यानं तो सगळा देश पाहिला. तो तिथेच वारला, आणि लोकांनी त्याच्यासाठी तीस दिवस शोक केला. एकमेकांना चिकटलेली पानं त्यांनी एकेक करून, फाटणार नाहीत अशी, हलक्या हातानं सोडवली. सहावं पुस्तक सुरू झालं. तळ हलवायची तयारी, नदीकडे निघायची आज्ञा. पुढे काय होतं ते त्यांना माहीत होतं, तरी श्वास जोरात चालू होता.

ऊन उतरायला लागलं होतं. शेतांकडून पुन्हा धुकं येत होतं आणि अर्धवट बिल्डिंग खालच्या मजल्यापासून पुसली जात होती. त्यांनी मान वर केली तर मृणाल खोक्यावर डोकं ठेवून गाढ झोपली होती. किती रात्री जागली होती कुणास ठाऊक. तोंड आ वासलेलं, अगदी बापासारखं.

त्यांनी तिच्या अंगावर आपली शाल घातली. आणखी दोनच पानं, की नदी दुभंगून लोकांना वाट देणार होती. त्यांनी त्या पानांकडे एकवार पाहिलं. मग पुस्तकाच्या पाठीत खोचलेला प्रभाचा पेन्सिलीचा तुकडा काढला, मुलीचा डोळा लागला त्या वचनापुढे एक ठिपका केला आणि पुस्तक मिटलं.